रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, हे पुस्तकातल्या नियमांत कसं बसवायचं?

वाकडीवाट (नाशिक)

भाची यंदा बारावीला, कला शाखा. भूगोल मी घेते तिचा. घेते म्हणजे काय, पुस्तक मध्ये ठेवून दोघी वाचतो. माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे मानवी भूगोल मलाही नवाच. व्याख्या पाठ होतात, पण २०११ च्या जनगणनेचे आकडे शेजारी ठेवले की गाडी अडते. चार ठिकाणी अडली आहे:

घनता. भरपूर पाऊस, समुद्रकिनारा, सम हवामान असेल तिथे लोकवस्ती दाट, असा नियम. रत्नागिरीत हे तिन्ही आहे, पण घनता चौरस किलोमीटरला १९७. राज्याची ३६५. असं का?

लिंग गुणोत्तर. क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की स्त्रियांचा दर्जा चांगला असेल तिथे हे गुणोत्तर जास्त असतं. रत्नागिरीचं ११२२ आहे. म्हणजे तिथे एवढा दर्जा चांगला आहे का?

स्थलांतर. नोट्सप्रमाणे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बाईसुद्धा स्थलांतरित. माझी आई सिन्नरहून नाशिकला आली लग्न करून. भाची म्हणाली, आजी काय बिऱ्हाड पाठीवर घेऊन आली होती का? मला उत्तर देता आलं नाही.

चौथं, ग्रामीण आणि नागरी यांची रेघ नेमकी कुठे ओढतात?

सोप्या मराठीत कुणी सांगेल का? गुगलवर मिळतं ते वाचून आणखी गोंधळ होतो.

पावशेर

११२२ चं उत्तर सोपं आहे. कोकणात मुलीला मान आहे, हुंड्याचा जाच कमी, शिक्षण चांगलं. बाकी महाराष्ट्राने शिकण्यासारखं आहे. नोट्स बरोबर आहेत.

सड्यावरचा

मी रत्नागिरी जिल्ह्यातलाच, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला. आम्हा मास्तर लोकांना जनगणनेला प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजायला, जुंपतात, तसा २०११ ला वाड्यावाड्या हिंडलोय. ते ११२२ तयार होताना बघितलेलं आहे म्हणा ना.

पावशेर, ऐकायला गोड वाटतं तुमचं, आणि आमच्या बायका खमक्या आहेत यात वाद नाही. पण एक करा. एकूण लिंग गुणोत्तराच्या शेजारी ० ते ६ वयाच्या मुलांचं गुणोत्तर ठेवा. राज्यात एकूण ९२९, लहान मुलांत ८९४. रत्नागिरीत एकूण ११२२, आणि लहान मुलांत? हजाराच्या खाली! म्हणजे पाळण्यात मुलगे जास्त आणि मतदारयादीच्या वयात बायका जास्त. मधल्या काळात मुलगे गेले कुठे? आता मुंबईचा तक्ता काढा. मुंबई शहर जिल्हा ८३२, उपनगर ८६०. सगळे आमचेच नव्हेत तिथे, उत्तर प्रदेशापासून साताऱ्यापर्यंतचे पुरुष आहेत. पण आमच्याकडची वजाबाकी तिकडच्या बेरजेत आहे.

स्त्रियांचा दर्जा बघायचा तर बालकांचं गुणोत्तर बघावं, तेही जपून. एकूण गुणोत्तरात जन्म, मृत्यू आणि येणंजाणं या तिन्ही गोष्टी कालवलेल्या असतात. क्लासवाले त्यातली एक उचलतात आणि तिचा नियम करून टाकतात.

आता मोजणी कशी होते ते सांगतो, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि हिशोब १ मार्चच्या ००.०० वाजताचा धरला. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याला मोजायचं, पण त्या वीस दिवसांत तो तिथे एकदा तरी असायला हवा. पूर्ण काळ बाहेर असला तर सापडेल तिथे मोजायचा. आता फेब्रुवारीत आमच्याकडच्या घरात असतं कोण? म्हातारा, म्हातारी, सून, नातवंडं. शिमगा मार्चात, गणपती भाद्रपदात. चाकरमानी येतो तो या दोन सणांना, नाहीतर मे महिन्यात आंब्याला. एका घरात म्हातारीने मला सांगितलं, "लिवा ना गुरुजी दोगांचीय नावां, रेशनकार्डावर हायत." नाही लिहिता येत. ते दोघे तेव्हा नालासोपाऱ्याच्या कुठल्यातरी गुरुजींच्या वहीत पडले असणार. हीच गणना गणेशचतुर्थीच्या रात्री घ्या, मग बघू ११२२ चं काय होतं ते.

घनतेचं सांगतो. तुमचा पावसाचा नियम खोटा नाही, अर्धा आहे. घनता म्हणजे माणसं भागिले क्षेत्रफळ. रत्नागिरीचे १६ लाख १५ हजार लोक, ८२०८ चौरस किलोमीटर, आलं १९७. पण ते ८२०८ आहे कसलं? चिऱ्याचा सडा (म्हणजे डोंगरावरचं सपाट खडकाळ पठार), कातळ, डोंगरउतार. पाऊस धो धो पडतो आणि त्याच तडाख्यात समुद्राला जाऊन मिळतो, कातळावर थांबत नाही. भाताची खाचरं तेवढी दरीतळाला आणि खाडीकाठी. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत नाचणी, वरी, तीही दरवर्षी त्याच जागी नाही. म्हणून भूगोलात दुसरी एक घनता काढतात, फक्त लागवडीखालच्या जमिनीवर किती माणसं आहेत ती. ती काढलीत तर कोकण विरळ वाटणार नाही. गडचिरोलीची साधी घनता ७४ आहे, राज्यात सगळ्यात कमी, आणि तिथे उरलेली जागा जंगलाची आहे. दोन्ही जिल्हे 'विरळ' या एकाच रकान्यात बसतात, पण कारणं एकमेकांच्या जवळपासही नाहीत. भाचीला सांगा, घनता दिसली की आधी विचारायचं, भागिले कशाने?

आता ही माणसं का गेली. पुस्तकात ढकलणारी कारणं आणि ओढणारी कारणं असे दोन रकाने असतात. आमच्याकडे ढकलायला चार महिन्यांचं एकच पीक होतं, एवढाएवढासा तुकडा होता आणि वर खोती होती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताचा कुळांवरचा अंमल. खोती मोडायचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं, कायदा झाला १९४९ ला. तोवर किती पिढ्या कुळं म्हणून राबल्या बघा. ओढायला मुंबई होती, तिथल्या गिरण्या आणि गोदी. एव्हरेट ली नावाच्या अभ्यासकाने १९६६ साली या दोन रकान्यांच्या मध्ये तिसरी गोष्ट घातली, वाटेतले अडथळे. मला विचाराल तर सगळी गंमत तिथेच आहे. बंदराला बोट लागत होती म्हणून रत्नागिरीकराला घाट न चढता मुंबई गाठता यायची. आणि मुंबईत उतरल्यावर पाठ टेकायला गावच्या मंडळाची खोली होती, एका खोलीत गावचे वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे. अडथळा असा मोडतो. नुसत्या 'रोजगाराच्या संधी' लिहून हे कळत नाही, पण परीक्षेत तेवढंच लिहितात सगळे.

१९९८ ला कोकण रेल्वे पुरती सुरू झाली तेव्हा भाषणं झाली, आता माणसं परत येणार. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी. रेल्वेने घटवली असं म्हणत नाही मी. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, एवढं भाषणवाल्यांना सुचायला हवं होतं.

त्या दहा वर्षांत राज्यात घटलेला तिसरा जिल्हा कोणता ठाऊक आहे? मुंबई शहर! साडेसात टक्क्यांनी. गिरण्या बसल्या, चाळी पडल्या, पोरं संसार थाटायला बदलापूर, दिवा, विरारला गेली. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा त्याच काळात ३६ टक्क्यांनी वाढला. आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांची हीच वाट आहे, आजा लालबागला, नातू विरारला. याला टप्प्याटप्प्याचं स्थलांतर म्हणतात.

तुमच्या आईंचं उत्तर उद्या देतो. डोळे दुखले.

गलाईवाला

गुरुजी लिहितील तोवर मी घुसतो. मी सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुका. आमच्या विटा-आटपाडीकडचे लोक देशभर सोन्याचांदीची गलाई करतात. सराफाकडची मोड, म्हणजे जुने मोडीचे दागिने, आणायची, वितळवायची, शुद्ध करून द्यायची. मी तमिळनाडूत होतो बरीच वर्षं, आता गावी परतलोय.

ढकलणारं कारण आमच्याकडे एकच शब्दात, दुष्काळ. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस, आमच्याकडे वारं. पण दुष्काळ तर शेजारच्या कितीतरी तालुक्यांत होता, मग गलाईतच एवढे आमचेच लोक कसे? तर पहिला जो गेला त्यानं भाचा नेला, भाच्यानं मेव्हणा नेला. पोरगं मालकाकडं राहतं, भट्टी शिकतं, तिथली भाषा शिकतं, मग दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकतं आणि गावाकडनं आणखी एक पोरगं बोलावतं. पुस्तकात याला साखळी स्थलांतर म्हणतात असं माझ्या पोरीनं सांगितलं. कोणत्या गावचा माणूस कोणत्या शहरात हे आमच्याकडं नात्यानं ठरतं, अंतरानं नाही. मुंबई जवळ आणि कोइमतूर लांब, हे नकाशात. आमच्यासाठी जिथं पाव्हणा ते जवळ.

आता वाकडीवाट ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर माझंच उदाहरण घ्या. जनगणनेत दोन वेगळे प्रश्न असतात, जन्म कुठं झाला आणि यापूर्वी कुठं राहत होता. माझा जन्म गावातला. मी परत गावातच राहतो. जन्मठिकाण धरलं तर मी स्थलांतरित नाही, मागचं वास्तव्य धरलं तर आहे. माझी पोरगी तमिळनाडूत जन्मली. तिथं असताना ती कोणत्याच हिशोबानं स्थलांतरित नव्हती. आणि आजोबांच्या वाड्यात राहायला आली तर दोन्ही हिशोबानं स्थलांतरित झाली! तिला सांगितलं तर म्हणाली, बरोबरच आहे, मला इथली बाजरी अजून पचत नाही.

आणि एक. गेलेली माणसं नुसती जात नाहीत, मागं पैसा येतो. आमच्याकडच्या द्राक्षबागा, नवे वाडे, देवळांची शिखरं बघा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यावर तर काही जण दुकान भावावर सोपवून शेतीला परतले. जाणाऱ्यांचा प्रवाह असला की परतणाऱ्यांचाही असतोच, बारीक का होईना.

सड्यावरचा

गलाईवाले, उदाहरण झकास दिलंत. मला वर्गात हे उदाहरण कधी मिळालं नाही. आणि तुम्ही जे शेवटी म्हणालात ते रॅव्हनस्टाइन नावाच्या माणसाने १८८५ मध्ये इंग्लंडच्या जनगणनेवरून मांडलं होतं, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. त्याचंच आणखी एक निरीक्षण वाकडीवाट ताईंच्या आईला लागू आहे. तो म्हणतो, जवळच्या अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात. त्याचा रोख घरकामाला जाणाऱ्या मुलींवरही होता. आपल्याकडे कारण लग्न.

मागचं वास्तव्य धरलं तर २०११ मध्ये भारतात साडेपंचेचाळीस कोटींवर लोक स्थलांतरित निघाले. वाचून वाटतं, अर्धा देश रस्त्यावर आहे. त्यातलं सगळ्यात मोठं कारण लग्न, आणि त्या जवळजवळ सगळ्या बायका. शेजारच्या गावची सूनही त्यात आली. आमच्या तक्त्यात कारणांचे सात पर्याय होते: काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर नेलं, कुटुंबाबरोबर गेले, इतर. आता मेख बघा. बाई लग्न होऊन मुंबईला गेली आणि दुसऱ्या महिन्यापासून कंपनीत लागली, तरी तिचं कारण 'लग्न' हेच पडतं. म्हणून 'बायका कामासाठी स्थलांतर करत नाहीत' असं कुणी या तक्त्यावरून सांगू लागला तर विश्वास ठेवू नका.

भाचीला म्हणावं, आजीने बिऱ्हाड पाठीवर घेतलं नव्हतं, पण राहण्याची जागा कायमची बदलली. भूगोलाला तेवढं पुरतं.

वाकडीवाट (नाशिक)

किती छान लिहिलंत दोघांनी. भाचीने ११२२ आणि बालकांचं गुणोत्तर शेजारी लिहून वहीत चौकट केली आहे. आता लोकसंख्या मनोरा आणि वस्तीचे प्रकार राहिले. रत्नागिरीचा मनोरा कसा दिसेल? आणि आमच्या नाशिककडे गाव म्हणजे एकगठ्ठा घरं असतात, कोकणात तशी का नाहीत? पुस्तकात 'उंचसखल भूरूपामुळे' एवढंच आहे.

सड्यावरचा

मनोरा म्हणजे वयोगटाप्रमाणे एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, लहान वय तळाला. आमचा असा: पुरुषांची बाजू विशी ते चाळिशीत आत दबलेली, बायकांची तेवढी नाही, आणि वरचं टोक साठीनंतर रुंद. पंधरा ते एकोणसाठ हा कमावता वयोगट धरतात, बाकीचे अवलंबित. आमच्याकडे अवलंबितांचा भार, म्हणजे कमावत्यांच्या मानाने अवलंबित किती ते गुणोत्तर, कागदावर जास्त दिसतो. आता कमावणारा मोजला जातो मुंबईत आणि त्याचे पैसे येतात इकडे, हे त्या गुणोत्तराला कळत नाही. एके काळी पोस्टमन हा गावातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस होता तो मनिऑर्डरीमुळे.

वस्तीवर मला जास्त बोलायचंय, तो माझा आवडता धडा.

तुमच्याकडे देशावर गावाचे दोन भाग असतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरांची जागा, काळी म्हणजे पिकाची. काळी जमीन मोलाची, तिच्यावर घर बांधायचं नाही. पाणी नदीला किंवा ठरावीक विहिरींना. लुटारूंचं भय, म्हणून गावाभोवती कूस (भिंत) आणि वेस. सगळी घरं एका ठिकाणी आली, ही केंद्रित वस्ती. शेतावर राहायला जाणं हे विहिरीवर इंजिन आणि मग वीज आल्यावर वाढलं, तेव्हापासून तुमच्याकडेही मळ्यांतल्या वस्त्या दिसतात.

आमच्याकडे गाव हे कागदावरचं नाव. प्रत्यक्षात असतात त्या वाड्या, एकेक वाडी आपापल्या पऱ्याच्या (ओढ्याच्या), खाचराच्या आणि झऱ्याच्या कडेने. सपाट जागा सड्यावर, पण तिथे पाणी नाही. म्हणून घरं उताराला, दरीच्या अंगाला. दोन वाड्यांत अर्ध्या तासाची चढण असते. 'भूरूप' एवढं लिहून मोकळं व्हायचं नाही मात्र. कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणवाडी ही नावंच सांगतात की वाड्या जातीप्रमाणे वसल्या. देशावर वेशीच्या आत आणि बाहेर जे होतं ते आमच्याकडे वाडी आणि वाडी यांत आहे. डोंगराने हे ठरवलं नाही, माणसांनी ठरवलं. विषयाच्या नावात 'मानवी' आहे ते कशासाठी?

जनगणना महसुली गाव मोजते, वाडी नाही. त्यामुळे दोन हजार वस्तीचं गाव वाचून तुम्ही एसटीतून उतराल तर समोर एक पिंपळ, एक टपरी आणि चार घरं.

रेषाकृती वस्ती बघायची तर गुहागरला या. किनाऱ्याला समांतर एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, घरामागे नारळीपोफळीची आगरं, वाळूची पट्टी आणि समुद्र. वरचा पाट, खालचा पाट असं करत गाव लांबतच जातं. दुसरीकडे वाढायला जागा नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर.

दिवा_फास्ट

नागरी-ग्रामीणचं मी सांगतो, मी त्या रेघेवरच राहतो. नगरपालिका, महापालिका, नगरपंचायत, कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट) असेल तर ते कायद्यानेच शहर. पण ग्रामपंचायत असूनही जनगणना एखाद्या गावाला शहर म्हणू शकते. त्याला तीन अटी आहेत: वस्ती किमान ५०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि 'मुख्य कामकरी' म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. याला जनगणना शहर म्हणतात. देशात अशी २००१ ला १३६२ होती, २०११ ला ३८९४ झाली.

भोगायचं काय ते आम्हाला विचारा. तक्त्यात शहर, पण कचरा उचलायला ग्रामपंचायत, गटार कुणाच्याच नावावर नाही. घरपट्टी कमी म्हणून काही जण खूश आहेत, तेही खरं.

आणि तिसरी अट फक्त पुरुषांवर का, हे अजून कुणी मला पटेल असं सांगितलेलं नाही.

पावशेर

ठीक आहे, ११२२ चं मागे घेतो. पण गुरुजी, फेब्रुवारीत मोजणी म्हणजे ऊसतोडीवाले कुठे मोजले जातात? आमच्या बीड जिल्ह्यात तेव्हा तांडे ओस असतात.

सड्यावरचा

चांगलं विचारलंत. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली टोळी निघते, पट्टा पडतो, म्हणजे कारखाना बंद होतो, मार्च-एप्रिलात. म्हणजे ते वीस दिवस पूर्ण बाहेरच. नियमाप्रमाणे ते कारखान्याच्या तळावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) मोजले जायला हवेत, आणि गावाकडे राहिलेली म्हातारी-पोरं गावात. तळावरच्या प्रगणकाला पहाटे चारला फडावर गेलेलं जोडपं रात्रीच भेटणार, तेव्हा तिथे मोजणी किती चोख होते ते त्या त्या माणसावर अवलंबून.

कायमच्या स्थलांतराच्या तक्त्यात ही माणसं नीट दिसत नाहीत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००७-०८ च्या फेरीत वेगळी व्याख्या केली होती. मागच्या वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेला तो अल्पकालीन स्थलांतरित. ऊसतोडीचा हंगाम लांबला तर तो सहा महिन्यांच्या पलीकडे जातो आणि माणूस याही रकान्यातून निसटतो. पुढच्या गणनेचा हिशोबही १ मार्च २०२७ चाच धरलाय, म्हणजे प्रगणक पुन्हा ऐन गाळपातच फिरणार. वाकडीवाट ताई, भाचीला हंगामी स्थलांतरावर टीप आली तर ऊसतोडच लिहायला सांगा, आणि महिने घालायला विसरू नको म्हणावं.